मळ्यातल्या मोटरी का जळतात : कामाच्या नोंदी

४ मार्च २०२५, दुकान

आप्पांची विहिरीवरची ५ एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच धडात) पुन्हा टेबलावर आली. पावसाळ्यानंतर मीच भरून, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या कॉइल नव्यानं गुंडाळून, दिली होती, त्याआधी दुसऱ्या कुणी भरलेली. या वेळी आप्पांना स्पष्ट सांगितलं, मोटर भरून देतो, पण ती जळते कशानं हे कळेपर्यंत मळ्यावर येऊन मापं घेणार. आप्पा म्हणाले, "घे की मापं. पर पाण्याची बारी चुकायला नको. ऊस वाळायला लागलाय."

झाकण काढल्यावर अर्धं उत्तर समोरच होतं. ही मोटर आतून स्टारमध्ये जोडलेली आहे, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एका ठिकाणी बांधलेलं. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या कॉइल जशाच्या तशा, वार्निशचा पिवळा रंगसुद्धा शाबूत. म्हणजे चालू मोटरचा एक फेज गेला आणि उरलेल्या दोन फेजनी सगळा भार ओढला. भार तोच राहिला की अशा वेळी त्या दोन तारांमधला करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो. डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, जोडलेली मोटर असती तर उलटं दिसलं असतं, एकच फेज काळा आणि दोन बरे. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असत्या तर जादा भार, कमी व्होल्टेज किंवा पंप धरणं यातलं काहीतरी म्हटलं असतं. बरेच गिऱ्हाईक जळकी मोटर बघत नाहीत, किती लागतील एवढंच विचारतात. भरणारेही जुन्या कॉइल ओढून काढून भंगारात टाकतात. खरं तर निदान त्या कॉइलमध्येच असतं. मी फोटो काढून ठेवलाय.

जुनं वाइंडिंग पेटवून काढलेलं नाही. आग लावून तांबं मोकळं केलं की काम पटकन होतं, पण स्टॅम्पिंगच्या (कॉइल ज्यात बसतात त्या थप्पीच्या) पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो. मग नव्या तारेची मोटरसुद्धा रिकामी फिरताना जास्त करंट घेते आणि तापते. आधी कुणीतरी हा उद्योग केलेला दिसतो, दात एका बाजूला निळसर पडलेत.

६ मार्च, मळा

काय काय आहे ते आधी लिहून ठेवतो. विहिरीवर वरची ५ एचपी. बोअरमध्ये ७.५ एचपी सबमर्सिबल. गोठ्यात २ एचपी सिंगल फेज कडबाकुट्टी. डीपी (सगळ्यांचा ट्रान्सफॉर्मर) ६३ केव्हीए क्षमतेची, ओढ्यापलीकडं, आणि आप्पांचा मळा लाईनच्या पार शेवटाला. शेवटच्या खांबावरून आलेली ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर, मग पत्र्याच्या पेटीत मेन स्विच, किटकॅट (चिनी मातीचे) फ्यूज आणि स्टार्टर.

दुपारी लाईनवर फार मोटरी नव्हत्या. तेव्हा तिन्ही फेजमध्ये ४०५, ४०२, ३९८ व्होल्ट. एवढं बघून कुणीही "लाईट चांगली आहे" म्हणेल. पण आप्पांची मोटर दुपारी जळत नाही, पहाटे लाईट आली की जळते. म्हणून पहाटेपर्यंत थांबलो.

लाईट आली आणि पाच-सात मिनिटांत माप घेतलं : ३४०, ३५२, ३१८. सरासरी ३३७. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ४१५ च्या मोटरला ३३७ दिले की जोर दोन तृतीयांशावर येतो. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर करंट वाढवते. त्याहून वाईट म्हणजे तीन फेजमधला फरक. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ३१८, फरक १९ च्या आसपास, म्हणजे साडेपाच टक्के असमतोल. ठोकताळा असा की असमतोलाच्या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट केली की वाइंडिंगचं तापणं किती टक्क्यांनी वाढतं ते मिळतं. इथं साठ टक्के निघतात. ५ टक्क्यांच्या वर असमतोल असेल तर मोटर चालवूच नये असं पुस्तकात आहे. शिवारात हा नियम पाळायचा म्हटलं तर फेब्रुवारी ते मे कुणाच्याच उसाला पाणी मिळणार नाही.

इन्सुलेशनचा हिशेब वेगळा. दर १० अंश जादा तापमानाला त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून मोटर एका दिवसात जळाली असं वाटतं, पण ती महिनोन् महिने भाजत आलेली असते. फेज जाणं हा शेवटचा धक्का.

पहाटे नेमकं काय होतं तेही बघितलं. या डीपीवरच्या जवळजवळ सगळ्यांनी ऑटो स्विच बसवलाय. लाईट आली रे आली की सगळ्या मोटरी एका दमात उठतात. ६३ केव्हीएची डीपी ४१५ व्होल्टला ८७-८८ अँपिअरची. डीओएल, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या, स्टार्टरवर मोटर सुरू होताना चालू करंटच्या सहा-सात पट ओढते. दहा-बारा मोटरींनी एकदम तेवढं ओढलं की व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेगच घेत नाहीत आणि वेग न घेतल्यानं तो मोठा करंट खाली येत नाही. काही स्टार्टरच्या नो व्होल्ट कॉइल (व्होल्टेज पडलं की स्टार्टर सोडणाऱ्या) सुटतात, पुन्हा लागतात. ओढ्याकाठी उभं राहिलं की टक-टक ऐकू येतं.

८ मार्च

स्टार्टर उघडला. पाल. कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या विजेनं ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) मधल्या फेजच्या दोन पॉइंटांमध्ये वाळून चिकटलेली, शेपटी बाहेर. पॉइंट लागायचे, पण पूर्ण दाबानं नाही. खालच्या चांदीच्या टिकलीवर खड्डा पडलेला आणि भोवतीचं बॅकेलाइट पांढुरकं. शिवारातल्या पेटीत पाल, मुंग्या आणि कुंभारणीचं घर हे तिन्ही असतातच, कारण केबल आत येते ते भोक कुणी बुजवत नाही. लाईट नसतानाही कॉइलची ऊब थोडा वेळ राहते, त्या उबेला पाल येते.

बाकीचा पंचनामा :

फ्यूज तीन, तीन तऱ्हांचे. एकात बरोबर फ्यूज वायर, एकात तांब्याच्या दोन तारा पिळून, एकात ॲल्युमिनियम कंडक्टरचा एक पदर. गडबड झाली की कायम पहिला, बरोबरवाला जातो आणि मोटर दोन फेजवर राहते. फ्यूज घालायचेच तर तिन्ही सारखे, नाहीतर फ्यूजच मोटर जाळतो.

ओव्हरलोड रिले (ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) ९ ते १४ अँपिअर रेंजचा, काटा १४ वर. मोटरच्या प्लेटवर ७.८. असल्या रिलेला या मोटरच्या बाबतीत काही दिसतच नाही. "ट्रिप होत होती म्हणून मागच्या वायरमननं मोठा बसवला," आप्पांच्या पोरानं सांगितलं.

सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, होता. पण त्याच्या दोन तारा जोडून टेप मारलेला, म्हणजे बायपास.

१२ मार्च

नवा कॉन्टॅक्टर, ६ ते १० चा रिले, काटा ७.८ वर. फ्यूज तिन्ही सारखे. प्रिव्हेंटर करंट बघणारा घेतला. बाजारात व्होल्टेज बघणारा स्वस्त मिळतो आणि तोच जास्त खपतो. पण चालू मोटरचा एक फेज गेला तरी फिरता रोटर त्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करत राहतो, आणि व्होल्टेजवाला प्रिव्हेंटर फसतो. शिवाय कॉन्टॅक्टरचा पॉइंट नाहीतर पुढची केबल तुटली तर त्याला पत्ताच नसतो. साधा टेस्टरही तसाच फसवतो. मोटर जोडलेली असताना गेलेल्या फेजला टेस्टर लावला तरी वाइंडिंगमधून परत आलेल्या व्होल्टेजवर त्याचा दिवा लागतो. "तिन्ही फेज आहेत की, टेस्टर लागतोय" हे वाक्य मी जळक्या मोटरीशेजारी किती वेळा ऐकलंय!

२ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटरही लावला. ५ एचपीला तेवढा पुरतो. त्यानं मोटरचा स्वतःचा करंट कमी होत नाही, मागच्या तारेतला होतो, साडेसातवरून सव्वासहाच्या आसपास. शेवटाच्या मळ्याला त्याचा उपयोग असा की तारेत व्होल्टेज थोडं कमी खर्ची पडतं. जोडताना रिलेच्या आधी जोडला. रिलेनंतर जोडला असता तर रिलेला कमी झालेला करंट दिसला असता आणि काटा खाली आणावा लागला असता. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते.

मोटर बसवली. पाणी पडलं. आप्पांनी पाटाच्या तोंडाशी नारळ फोडला, माझं बिल मात्र पाडव्यानंतर.

१९ मार्च, बोअरची मोटर

७.५ एचपीचे तिन्ही फेजचे (आर, वाय, बी ही त्यांची नावं) करंट टाँग टेस्टरनं, म्हणजे तारेला चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरनं : आर १५.८, वाय १५.१, बी १२.६. सरासरी साडेचौदा, असमतोल १३ टक्के. व्होल्टेजमधला थोडा फरकसुद्धा करंटमध्ये कैक पटींनी वाढून दिसतो. प्रश्न एवढाच, दोष मोटरीत की लाईनमध्ये?

मोटर वर काढण्याआधी करायची एक तपासणी आहे, फुकटची. स्टार्टरच्या बाहेर मोटरकडं जाणाऱ्या तीन तारा एकेक घर पुढं सरकवायच्या, तिन्ही एकदम, म्हणजे मोटरची फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा करंट मोजायचा. कमी करंट मोटरच्या त्याच तारेबरोबर सरकला तर दोष मोटरीत नाहीतर बोअरच्या केबलमध्ये. तो लाईनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष मागं. सरकवलं. कमी करंट बी फेजवरच राहिला. आणखी एकदा सरकवलं, तरी बीवरच. नव्वद मीटर पाइप वर ओढण्याचं काम वाचलं.

मग मोटर चालू ठेवून मीटरचं एक टोक मेन स्विचच्या आत येणाऱ्या बोल्टला आणि दुसरं बाहेर जाणाऱ्या बोल्टला, एकेका फेजला. चालू पॉइंटवर इथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. आर, वाय ठीक. बीवर ६ व्होल्ट. ६ व्होल्ट गुणिले १२.६ अँपिअर, ७५ वॅटच्या वर उष्णता एका पॉइंटवर, म्हणजे स्विचच्या पोटात सोल्डरिंगची इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखं. लाईट बंद करून, मेन पाडून, खांबावरचा फ्यूज काढून मगच उघडलं. ऑटो स्विचच्या जमान्यात नुसतं "लाईट गेलीय" यावर हात घालायचा नाही. बी फेजला ॲल्युमिनियमची उघडी तार पितळी बोल्टला गुंडाळून आवळलेली. ॲल्युमिनियम दाबाखाली सरकतं, वर त्याच्या ऑक्साइडचा थर वीज नेत नाही, जोड ढिला पडतो, तापतो, आणखी ढिला पडतो. बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारं टोक), क्रिंपिंग, नवा स्विच. नंतरचे आकडे : १४.६, १४.९, १३.९. राहिलेला असमतोल लाईनचा आहे, तो इथं बसून सुटणार नाही.

३० मार्च

पाडवा. काम बंद. बिल मिळालं.

९ एप्रिल

बोअरची मोटर सुरू होताच लीकेजवर ट्रिप. आप्पांच्या मेहुण्यांनी निकाल देऊन टाकला, मोटर गेली. स्टार्टरच्या टोकाला केबल सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला, तारा आणि अर्थिंगच्या मध्ये ०.१ मेगओहम. जुना नियम एक मेगओहमच्या खाली मोटर लावू नये असा. एवढ्यावरून मोटर, केबल की जोड हे कळत नाही. आता वर काढावीच लागली.

तिपाई, चेन कप्पी, आप्पांचा पोरगा, शेजारचे तात्या. मेगर लावूनच ठेवला. एचडीपीईचा पाइप वर येत राहिला तोवर काटा तसाच पडून. मोटरच्या वरचा जोड पाण्याबाहेर आला, निथळला आणि काटा उठला. तात्यांना हे जादूसारखं वाटलं. मग बादलीत पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि फक्त जोड बुडवला. काटा शून्यावर. बाहेर काढून पुसला, वर. मोटर वेगळी मोजली, ५० च्या पुढं.

जोडाची टेप उलगडली. आतले दोन-तीन थर कोरडे, मग एक ओला, आणि तांब्यावर हिरवट लेप. रबरी टेप ओढून न लावता नुसती गुंडाळली होती, थरांमधून पाणी हळूहळू चढत गेलं. नव्या जोडाला किट वापरलं, तीन फेजचे जोड एकाखाली एक सरकवून, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि केसिंगला घासत नाही. खाली सोडण्याआधी पुन्हा बादली. हे न करता मोटर खाली सोडणारे वायरमन मला समजत नाहीत. बादली भरायला किती वेळ लागतो?

मोटर वर होतीच, तर केबलचाही हिशेब काढला. पेटीपासून बोअरपर्यंत १६० मीटर, खाली ९० मीटर, सगळी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. हिचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम. १४ अँपिअरला केबलमध्येच २२ व्होल्ट खर्ची पडतात. पहाटेच्या ३३७ मधून आणखी २२! वरची १६० मीटर केबल १० चौरस मिलिमीटरची केली तर ती तूट १४ व्होल्टच्या आत येते. आप्पा केबलच्या भावाला नाही म्हणाले. मग मी शेजारी मागच्या तीन वर्षांतल्या वाइंडिंगची बिलं ठेवली. सोमवारी केबल आली.

१६ एप्रिल, गोठा

वहिनींनी हाक मारली म्हणून आलो. कडबाकुट्टी हुंकार देते, फिरत नाही. त्या लाकडी दांडक्यानं चाकाला ढकलून सुरू करतात. पात्यांच्या चाकाला! आधी ते बंद केलं.

सिंगल फेज मोटरला सुरुवातीचा धक्का स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर देतात. वेग साधारण पाऊणपट झाला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच त्यांना बाजूला काढतो. ढकलल्यावर फिरते म्हणजे मुख्य वाइंडिंग ठीक, धक्का देणारी बाजू मेलीय. कपॅसिटर फुगलेला निघाला. पण तो नुसता बदलून भागणार नव्हतं. सेंट्रिफ्यूगल स्विचच्या प्लेटवर कडब्याचा भुसा तेलात कालवून लपका झालेला. स्विच चिकटून लागलेलाच राहिला तर नवा कपॅसिटरही मिनिटभरात जातो, जुना बहुधा तसाच गेला. भुसा काढला, स्प्रिंग मोकळी केली, कपॅसिटर नवा. संध्याकाळी इथं १६८ व्होल्टच मिळतात, म्हणजे जोर जेमतेम निम्मा. वहिनींना सांगितलं, आधी मोटर पूर्ण वेगात येऊ द्या, मग पेंढी लावा.

गोठ्यातली खरी काळजी वेगळी होती. मोटरच्या बॉडीची अर्थिंगची तार भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली. ओल्या जमिनीवर चार गाई. मागची जुनी अर्थिंग मोजली, ३८ ओहम. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ३८, फार तर ६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा फ्यूज त्यावर जन्मात जाणार नाही आणि बॉडीवर लाईट तशीच खेळत राहणार. जनावर चारही पायांवर उभं असतं, पुढच्या आणि मागच्या पायांमधलं अंतरच त्याचा जीव घेतं. गोठ्यामागं पाणथळ जागा बघून अडीच मीटर जीआय पाइप, कोळसा, मीठ. काळी माती आणि ओल, ४ ओहमच्या आसपास आली. वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताना दिसला की लाईट तोडणारा स्विच). या पूर्ण कामात हा खर्च मी आप्पांना विचारून केला नाही, करून सांगितला.

२७ एप्रिल, ओढ्याकाठी बैठक

डीपीवरचे बहुतेक शेतकरी आले. विषय ऑटो स्विच. काढून टाका म्हणणं सोपं, पण रात्रीच्या पाळीला लाईट आली की सापा-विंचवातून पेटीपर्यंत कोण जाणार? त्यामुळं काढण्याचा हट्ट धरला नाही. प्रत्येकानं ऑटोच्या पुढं एक टाइमर लावायचा. लाईनच्या शेवटच्याची मोटर आधी, डीपीजवळच्याची सगळ्यात मागून, दोघांमध्ये मिनिटभराचं अंतर. डीपीजवळचे दोघं लगेच म्हणाले, "आमची पाण्याची मिनिटं गेली." तात्यांनी त्यांना विचारलं, मागच्या उन्हाळ्यात डीपी जळाली तेव्हा किती मिनिटं गेली होती. मग तयार झाले.

त्यांच्यातल्या एकाची १० एचपी स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा). रिले प्लेटवरच्या १५ अँपिअरला लावलेला. त्या स्टार्टरमध्ये रिले फेजमध्ये (मोटरच्या कॉइलकडं जाणाऱ्या तारेत) बसतो, लाईनमध्ये नाही, म्हणून ०.५८ नं गुणायचं, ८.७. बैठकीतून उठून तेवढं करून आलो.

दोघं-तिघं सिंगल फेजच्या वेळात कंडेन्सर (कपॅसिटर) टाकून दोन फेजवर मोटर चालवतात, तेही निघालं. त्यावर वाद झाला, निकाल लागला नाही.

५ मे

टाइमर लागल्यावर पहाटेचं माप : ३७२, ३७८, ३६१. असमतोल अडीच टक्क्यांच्या आसपास. अजून कमीच, पण मोटर या व्होल्टेजला जगते.

विहिरीवरच्या मोटरचा करंट तिन्ही फेजमध्ये ५.१, सारखा. सारखा आणि कमी म्हणजे मोटर ठीक, विहिरीत पाणी नाही, पंप हवा ओढतोय. सारखा आणि जास्त असता तर बेअरिंग नाहीतर इंपेलरमध्ये वाळू. वेगवेगळा असता तर विजेकडं बघायचं. आप्पांच्या पोरानं हे पेटीच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवलंय.

२४ मे

आठवडाभर पाऊस, मे महिन्यात. विहीर भराभर चढली, मोटर ओट्यावरून कशीबशी वर घेतली. बुडाली नाही, पण दमट हवेनं मेगर ०.३ वर आला. अशी लावली असती तर गेलीच असती. टर्मिनल बॉक्स उघडा ठेवून, रोटर काढून आत २०० वॅटचा बल्ब, वर गोणपाट. रात्रभर. सकाळी २० मेगओहम.

११ जून

डीपीचा एक डीओ (वरच्या बाजूचा फ्यूज) उडाला, पहाटे, सगळ्या मोटरी चालू असताना. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरला वरच्या बाजूचा एक फ्यूज गेला की खाली एक फेज पूर्ण आणि दोन निम्मे राहतात. पेटीत माप, या वेळी फेज आणि न्यूट्रलमध्ये : २३६, १२०, ११८. आप्पांचे दोन्ही प्रिव्हेंटर पडले, मोटरी थंड. लाईनमन दुपारी आला, डीओ घातला.

शेजारच्या मळ्यातली ५ एचपी संध्याकाळी दुकानात आली. तिला प्रिव्हेंटर आहे, पण व्होल्टेज बघणारा, आणि कंडेन्सरवर चालवताना आड येतो म्हणून बायपास केलेला. अजून उघडलेली नाही. उद्या.

बाकी राहिलेलं : गोठ्याच्या पेटीचं भोक बुजवणं, बोअरच्या स्टार्टरला ३ केव्हीएआर, आणि डीपी वाढवून मागण्याच्या अर्जावर बैठकीतल्या सगळ्यांच्या सह्या.